उसना दृष्टिदोष : संवर्धित वास्तवाचा चष्मा काय दाखवतो, काय नाही

हातात पांढरी काठी असलेली एखादी व्यक्ती बसथांब्यावर उभी राहून मोबाइल वाचू लागली, की आजूबाजूचे लोक बुचकळ्यात पडतात. दिसत असेल तर काठी कशाला आणि दिसत नसेल तर मोबाइल कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. कुणी तो बोलूनही दाखवतो, तर कुणी ढोंगाचा संशय घेतो. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ज्याच्या दृष्टिक्षेत्राच्या कडा नाहीशा झाल्या आहेत त्याला समोरची बारीक अक्षरे वाचता येतात, पण पायाजवळचा दगड दिसत नाही. डोळस समाजाच्या कल्पनेत मात्र दोनच अवस्था असतात. एक पूर्ण दिसण्याची आणि दुसरी मुळीच न दिसण्याची.

या दोन अवस्थांच्या मधल्या प्रदेशात राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जगात २०२० साली सुमारे ४ कोटी ३३ लाख लोक अंध होते, तर मध्यम ते तीव्र स्वरूपाचा दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे २९ कोटी ५० लाख होती, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. म्हणजेच एका अंध व्यक्तीमागे जवळपास सात व्यक्ती अशा आहेत, की ज्यांना काही दिसते आणि काही दिसत नाही. भारतातील २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही ‘अल्पदृष्टी’ ही अंधत्वाहून वेगळी श्रेणी मानलेली आहे. चांगल्या डोळ्याची तीक्ष्णता, चष्मा लावूनही, ६/१८ ते ३/६० या दरम्यान असणे किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांपर्यंत आकसलेले असणे, अशी तिची व्याख्या आहे. ६/१८ याचा अर्थ असा, की निकोप डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते, ते वाचण्यासाठी या व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते.

व्याख्या वाचून अनुभव कळत नाही. तो डोळसांना काही मिनिटे तरी देता यावा, या हेतूने संवर्धित वास्तवाचे, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीचे तंत्र वापरले जाऊ लागले आहे. हा प्रयत्न कसा चालतो, त्याचा उपयोग कुठे होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण हेच साधन चुकीच्या रीतीने वापरले, तर ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांचेच नुकसान करते, असे संशोधन सांगते.

संकल्पना

आभासी वास्तवात, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संगणकाने रचलेले संपूर्ण कृत्रिम जग असते. संवर्धित वास्तवात भोवतालचे खरे जगच दिसत राहते. फक्त त्यावर संगणक काही भर घालतो किंवा त्यात फेरफार करतो. दृष्टिदोषाच्या प्रतिरूपात मात्र ‘संवर्धन’ उलट्या दिशेने होते. येथे संगणक दृश्यात काही मिळवत नाही, तर त्यातून काही काढून घेतो. म्हणूनच लंडनच्या सिटी विद्यापीठातील पीट जोन्स व त्यांच्या सहकाऱ्याने या प्रकाराला २०१८ साली ‘डिग्रेडेड रिॲलिटी’, म्हणजे अवनत वास्तव, असे नाव दिले.

आभासी जगापेक्षा या पद्धतीचा लाभ उघड आहे. माणूस स्वतःच्याच स्वयंपाकघरात, कार्यालयात किंवा रेल्वेस्थानकाच्या जिन्यावर उभा असतो. रोजची परिचित वस्तू अचानक अनोळखी होते, तेव्हा त्या वस्तूच्या रचनेत काय चुकले आहे, हे तात्काळ ध्यानात येते.

डोळ्यांवरच्या पट्टीपासून हेडसेटपर्यंत

दुसऱ्याचा दोष काही काळ अंगावर वागवून पाहण्याची कल्पना जुनी आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून चालून पाहणे हा तिचा सर्वांत सोपा प्रकार. अमेरिकेतील डिझायनर पॅट्रिशिया मूर यांनी १९७९ ते १९८२ या काळात, वयाच्या विशीत असताना, वृद्ध स्त्रीचे वेषांतर करून उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांत वावर केला. त्या वेषात नजर अंधूक करणाऱ्या चष्म्याचाही समावेश होता. वस्तू घडवणारे लोक वृद्धांचा विचारच करत नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे फोर्ड या मोटार कंपनीनेही आपल्या अभियंत्यांसाठी वार्धक्याचा अनुभव देणारा पोशाख वापरला. केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संकल्पन केंद्राने तयार केलेले साधे चष्मे एकावर एक असे चढवता येतात. प्रत्येक थराबरोबर नजर थोडी अधिक मंद होते. एखाद्या वेष्टनावरील मजकूर कितव्या थराला वाचता येईनासा होतो, हे पाहून त्याचा दर्जा ठरवता येतो.

या चष्म्यांचा एक मोठा दोष होता. काचेवर रंगवलेला डाग काचेवरच राहतो. डोळा फिरला तरी तो जागचा हलत नाही. पाहणारा नजर थोडी तिरकी करून डागाच्या बाजूने सहज पाहू शकतो. दृष्टिपटलालाच इजा झालेल्या रुग्णाला ही पळवाट नसते. त्याची नजर जिकडे जाईल तिकडे तो डागही जातो.

ही उणीव संगणकाच्या साहाय्याने भरून काढता येते. नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील संशोधकांनी २०१५ साली हेडसेटला रुंद कोनाचे कॅमेरे जोडून ‘सिमविझ’ ही प्रणाली सादर केली. सिटी विद्यापीठाच्या गटाने ‘ओपनव्हिससिम’ हे सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असे सॉफ्टवेअर तयार केले आणि २०२० साली त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काचबिंदूचे प्रतिरूप डोळ्यांसमोर असताना निकोप दृष्टीच्या प्रौढांना वस्तू शोधण्यास आणि वाट काढण्यास अधिक वेळ लागला, तसेच त्यांची डोक्याची व डोळ्यांची हालचाल वाढली. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित कॅथरिना क्रोस्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोतीबिंदूचे संवर्धित वास्तवातील प्रतिरूप मांडले. दरम्यान, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दृष्टिदोषाचे साधे दर्शन घडवणारी अ‍ॅपही निघाली. त्यांत डोळ्यांचा माग घेतला जात नाही. पण ती फुकट किंवा स्वस्त असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांत सहज वापरता येतात.

यंत्राची कार्यपद्धती

हेडसेटच्या पुढील बाजूस दोन कॅमेरे असतात. ते टिपत असलेले दृश्य संगणकाकडे जाते, तेथे त्यावर प्रक्रिया होते आणि बदललेले चित्र डोळ्यांसमोरील दोन लहान पडद्यांवर उमटते. हे सर्व सेकंदाच्या अगदी लहान अंशात व्हावे लागते. चित्र मागे पडले, तर डोके फिरल्यावर जग उशिराने फिरते आणि पाहणाऱ्याला मळमळू लागते.

पारदर्शक काचेतून खरे जग पाहू देणारे आणि त्यावर प्रकाशाने चित्र उमटवणारे हेडसेटही आहेत. मायक्रोसॉफ्टचा २०१६ साली आलेला होलोलेन्स हा त्यातलाच. परंतु अशा काचेवर प्रकाश मिळवता येतो, वजा करता येत नाही. खरे दृश्य अंधूक करणे किंवा त्यातील एखादा भाग पुसून टाकणे तेथे जमत नाही. त्यामुळे दृष्टिदोषाच्या प्रतिरूपासाठी कॅमेऱ्यातून जग दाखवणारी पद्धतच सोयीची ठरते.

तिसरा महत्त्वाचा घटक म्हणजे डोळ्यांचा माग घेणारी यंत्रणा. हेडसेटच्या आतील लहान कॅमेरे अवरक्त प्रकाशात बुबुळाची हालचाल टिपतात. नजर कुठे रोखली आहे हे कळल्यामुळे संगणक डाग त्या बिंदूबरोबर हलवतो. पाहणारा डागाच्या बाजूने पाहायला जातो आणि डाग त्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो. ज्याच्याकडे पाहावे तेच दिसेनासे होणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

आजार आणि त्यांची प्रतिरूपे

प्रत्येक नेत्रविकाराचे प्रतिरूप वेगळे असते आणि त्यामागील गणितही वेगळे.

मोतीबिंदू : डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ झाल्यामुळे प्रकाश विखुरतो. प्रतिरूपात चित्राचा तपशील पुसट केला जातो, उजेड व काळोख यांतील फरक कमी केला जातो, पिवळट-तपकिरी छटा दिली जाते आणि दिव्यांभोवती चकाकीची वलये उमटवली जातात. समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा अशा नजरेला संपूर्ण रस्ताच झाकून टाकणारा वाटतो. भारतात या विकाराचे महत्त्व विशेष आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणारा विकार, हेच होते.

काचबिंदू : दृष्टिचेतेला होणाऱ्या इजेमुळे दृष्टिक्षेत्रातील तुकडे, बहुधा मध्यभाग शाबूत ठेवून, हळूहळू नाहीसे होतात. रुग्णालयात दृष्टिक्षेत्राची तपासणी करून जो आलेख निघतो, त्यातील आकडे थेट संगणकाला देऊन त्या विशिष्ट रुग्णाच्या दृष्टीचे प्रतिरूप तयार करता येते.

पीतबिंदूचा ऱ्हास : वाढत्या वयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूची झीज झाल्यास नजरेचा केंद्रबिंदूच निकामी होतो. सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. समोरच्याचे कान आणि खांदे दिसतात, चेहरा मात्र ओळखू येत नाही. ‘ओळख असून बोलत नाही’ असा गैरसमज अनेक वृद्धांविषयी होतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असते.

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार : दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे ठिकठिकाणी डाग, तरंगणारे ठिपके व अंधूकता येते. या दृष्टीत दिवसागणिक चढउतारही होऊ शकतो. तो दहा मिनिटांच्या प्रतिरूपात दाखवता येत नाही.

रेटिनायटिस पिगमेंटोसा : या बहुधा आनुवंशिक विकारात आधी रातांधळेपणा येतो, मग दृष्टिक्षेत्र कडांकडून आत आकसत जाते. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेली, पांढरी काठी धरून मोबाइल वाचणारी व्यक्ती अनेकदा याच विकाराची असते.

रंगांधळेपणा : हा दृष्टिदोषाच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाही, तरीही त्याचे प्रतिरूप सर्वाधिक अचूक ठरते. डोळ्यातील शंकुपेशींच्या तीन प्रकारांपैकी एक नसल्यास कोणते रंग एकसारखे भासतील, याचे गणित १९९७ साली ब्रेटेल, विएनो आणि मोलाँ यांनी मांडले. आज संगणकावर दिसणारी अनेक प्रतिरूपे त्याच पायावर उभी आहेत.

काळ्या बोगद्याचा गैरसमज

काचबिंदूविषयीच्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षे एकच चित्र छापले जाते. मध्ये स्वच्छ गोल आणि भोवती काळाकुट्ट अंधार. रुग्णांना खरोखर असे दिसते काय, हा प्रश्न लंडनमधील डेव्हिड क्रॅब आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्णांनाच विचारला. त्यांना एकाच दृश्याची वेगवेगळ्या रीतीने बदललेली चित्रे दाखवून आपल्या दृष्टीशी जुळणारे चित्र निवडण्यास सांगण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काळा बोगदा किंवा काळे डाग असलेले चित्र एकाही रुग्णाने निवडले नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांनी काही भाग पुसट असलेले चित्र निवडले. काहींनी वस्तू गायब झालेले चित्र निवडले. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना आपल्या दृष्टिक्षेत्रात काही उणे आहे याची जाणीवच नव्हती.

याचे कारण मेंदूच्या कामकाजात आहे. प्रत्येक निकोप डोळ्यातही, दृष्टिचेता जेथून बाहेर पडते त्या ठिकाणी, एक अंधबिंदू असतो. एक डोळा मिटला तरी कुणाला समोर काळे भोक दिसत नाही, कारण भोवतालच्या दृश्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. काचबिंदूतही असेच घडते. रस्त्याचा गायब झालेला तुकडा काळा दिसत नाही. तेथे रिकामा रस्ताच आहे असे वाटते. सायकलस्वार त्या तुकड्यात असेल, तर तो अचानक हवेतून प्रकटल्यासारखा समोर येतो.

चुकीच्या चित्राचा परिणाम केवळ सौंदर्यदृष्टीपुरता मर्यादित नाही. काळ्या कडा दिसत नाहीत म्हणजे आपल्याला काचबिंदू नाही, असे समजून माणूस तपासणी टाळू शकतो आणि काचबिंदूत एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यामुळे जागृतीसाठी तयार केलेल्या प्रतिरूपात काळा रंग वापरण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हायला हवा. डोळ्यांचा माग घेणाऱ्या हेडसेटमध्ये तो तुकडा पुसट करणे किंवा भोवतालच्या रंगाने भरून टाकणे शक्य असते. ते रुग्णांच्या कथनाशी अधिक जुळते.

प्रतिरूप खरे आहे की नाही, हे तपासण्याची एक चांगली वाट व्हिएन्नाच्या गटाने दाखवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या व्यक्तींची शस्त्रक्रिया सहसा एका वेळी एकाच डोळ्यावर होते. या मधल्या काळात रुग्णाचा एक डोळा स्वच्छ आणि दुसरा गढूळ असतो. अशा रुग्णांनी स्वच्छ डोळ्याने प्रतिरूप पाहावे, गढूळ डोळ्याशी त्याची तुलना करावी आणि साम्य येईपर्यंत फेरफार सुचवावेत, अशी ती पद्धत. येथे अंतिम निवाडा संगणकतज्ज्ञाचा नसून रुग्णाचा असतो.

सहानुभूती की कीव?

प्रतिरूप डोळ्यांच्या दृष्टीने अचूक असले, तरी एक प्रश्न उरतोच. ते पाहून बाहेर पडलेला माणूस दृष्टिबाधितांविषयी कोणते मत घेऊन जातो?

स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलेल्या डोळस विद्यार्थ्यांच्या मनात अंधांविषयीचा जिव्हाळा वाढला असेल. पण अंध व्यक्ती नोकरी करू शकतात, स्वतंत्रपणे राहू शकतात, यावरचा त्यांचा विश्वास इतरांपेक्षा कमी भरला. कारण स्पष्ट आहे. पट्टी बांधलेल्या माणसाने अंधत्वाचा पहिला अर्धा तास अनुभवलेला असतो. ठेच लागणे, चहा सांडणे, दिशा चुकणे, भीती वाटणे. त्याला काठी वापरता येत नाही, ब्रेल येत नाही, पडदावाचक सॉफ्टवेअर ठाऊक नसते, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोलीचा अंदाज घेता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले कौशल्य त्याच्या अनुभवात कुठेच नसते. स्वतःची फजिती तो अंधांच्या नावावर मांडतो.

एखाद्या मालकाने असा खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे अल्पदृष्टी असलेला उमेदवार मुलाखतीस आला, तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. मालकाच्या मनात कणव असेल, पण नेमणुकीचे पत्र कदाचित नसेल. जनजागृतीच्या नावाने झालेला कार्यक्रम असा त्या उमेदवाराच्या पोटावर पाय देऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे अनुभवाची सूत्रे दृष्टिबाधितांच्या हाती देणे. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे १९८८ साली अँड्रियास हाइनेके यांनी सुरू केलेल्या ‘डायलॉग इन द डार्क’ या उपक्रमात प्रेक्षक संपूर्ण काळोखात शिरतात आणि अंध मार्गदर्शक त्यांना वाट दाखवतात. तेथे चाचपडणारा डोळस असतो आणि सहज वावरणारा अंध. हैदराबादमध्येही हा उपक्रम येऊन पोहोचला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या संसाधन केंद्राचा ‘अंतर्चक्षु’ हा कार्यक्रम याच जातकुळीतला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहभागींना तेथे दैनंदिन व्यवहार वेगळ्या साधनांनी कसे होतात, याची ओळख करून दिली जाते.

ब्रिटनमधील धर्मशिक्षणाचे प्राध्यापक जॉन हल यांची दृष्टी १९८०च्या दशकात पूर्णपणे गेली. त्यांनी आपले अनुभव ध्वनिफितींवर नोंदवून ठेवले. त्यांवर आधारित ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’ हा चित्रपट आणि त्याच्या जोडीने एक आभासी वास्तवाचा अनुभव २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काय दिसत नाही यावर भर नाही. पाऊस, वारा, पावले यांच्या आवाजांतून अवकाश कसा उभा राहतो, हे दाखवले आहे. दृष्टिदोषाचे प्रतिरूप केवळ वजाबाकीचे असण्याची गरज नाही, याचे हे उदाहरण होय.

माणसाऐवजी वस्तूंची परीक्षा

या तंत्राचा सर्वांत निर्धोक आणि फलदायी उपयोग माणसांविषयी मत बनवण्यासाठी नसून वस्तूंची परीक्षा घेण्यासाठी आहे. हेडसेट घालून जिना उतरणाऱ्या वास्तुविशारदाला ‘बिचारे कसे जगत असतील’ असे वाटण्यापेक्षा ‘पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी का नाही’ असे वाटले, तर तो प्रयोग यशस्वी म्हणावा.

इमारतींतील आपत्कालीन मार्गदर्शक फलकांचा अभ्यास क्रोस्ल यांच्या गटाने २०१८ साली आभासी वास्तवात केला. फलक किती अंतरावरून ओळखता यावा याचे नियम ठरलेले असतात. पण तीक्ष्णता कमी झालेल्या नजरेला ते अंतर पुरेसे नसते, असे त्यात दिसून आले. आग लागल्यावर हे समजण्यापेक्षा नकाशावरच समजणे केव्हाही बरे. संकेतस्थळे तयार करणाऱ्यांसाठी गुगलने २०२० साली आपल्या क्रोम न्याहाळकातच अंधूक दृष्टी आणि रंगांधळेपणा यांची प्रतिरूपे दाखवणारी सोय दिली. त्यासाठी हेडसेटचीही आवश्यकता नाही.

मराठी व्यवहारात पाहण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. देवनागरीत एका टिंबाने अर्थ बदलतो. नजर थोडी अंधूक होताच ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांतला फरक पुसला जातो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळतात; बसच्या पाटीवरील १ आणि ९ यांची गल्लत होते. औषधाच्या चकचकीत वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली मुदत चकाकीत हरवते. स्टीलच्या भांड्यातील पाणी दिसत नाही, पांढऱ्या ताटलीतील भात ताटलीशी एकरूप होतो. जिन्याच्या सर्व पायऱ्या एकाच रंगाच्या फरशीच्या असतील, तर तो जिना नसून उतार वाटतो. यांपैकी बहुतेक अडचणींवरील उपाय स्वस्त आहेत. मोठा व ठळक टाइप, गडद पार्श्वभूमी, कडेला पिवळी पट्टी, चकाकी नसलेला कागद.

कायद्याची चौकटही उपलब्ध आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ३९ मध्ये जनजागृती मोहिमांची आणि कलम ४० मध्ये सुगम्यतेच्या मानकांची तरतूद आहे. ही मानके केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. मानके पाळली आहेत की नाहीत, हे तपासताना अशा प्रतिरूपाचा उपयोग अधिकाऱ्यांना व कंत्राटदारांना पटवून देण्यासाठी निश्चित होऊ शकतो. मात्र तपासणीत दृष्टिबाधित व्यक्तींचा प्रत्यक्ष सहभाग असणे, याला हेडसेट हा पर्याय नव्हे.

यंत्राच्या मर्यादा

हेडसेट स्वतःच एक प्रकारचा दृष्टिदोष आहे. निकोप डोळ्याच्या तीक्ष्णतेची बरोबरी करायची, तर पडद्यावर दर अंशामागे सुमारे ६० चित्रबिंदू लागतात. सर्वसाधारण किमतीच्या हेडसेटमध्ये ते २० ते २५च्या आसपास असतात. २० चित्रबिंदूंचा हिशेब केला, तर ती तीक्ष्णता साधारण ६/१८ इतकी येते. म्हणजे कोणतेही प्रतिरूप सुरू करण्याआधीच पाहणारा कायद्यातील अल्पदृष्टीच्या उंबरठ्यावर उभा असतो. माणसाचे आडवे दृष्टिक्षेत्र १८० अंशांहून थोडे अधिक असते. हेडसेटमध्ये ते बहुधा ९० ते ११० अंशांपर्यंतच मिळते. त्यामुळे सौम्य दोषाचे आणि कडेच्या दृष्टीचे प्रतिरूप त्यात नीट दाखवता येत नाही.

याखेरीज वेळेची मर्यादा आहेच. खरा काचबिंदू वर्षानुवर्षे पसरत जातो आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेत राहतो. हेडसेटमध्ये तो एका क्षणात येतो आणि हेडसेट काढताच जातो. शिवाय खर्च, प्रवास, नोकरीची चिंता, लोकांच्या नजरा या गोष्टी कोणत्याही पडद्यावर उमटत नाहीत.

कार्यक्रम आखताना

शाळा, रुग्णालय, कार्यालय किंवा स्वयंसेवी संस्था यांना असा कार्यक्रम करावयाचा असल्यास काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल.

– प्रतिरूप निवडताना आणि कार्यक्रम आखताना त्या विकाराच्या व्यक्तींचा सल्ला घ्यावा. संचालनही शक्यतो त्यांनीच करावे व त्याचे मानधन त्यांना मिळावे.

– सहभागींना नेमके काम द्यावे. अर्ज भरणे, औषधाची मुदत वाचणे, फलक शोधणे. नुसते फिरवून आणू नये.

– पहिल्या फेरीनंतर तेच काम योग्य साधनांनी करू द्यावे. भिंग, चांगला उजेड, ठळक अक्षरे, मोबाइलमधील वाचनसोय किंवा काठी वापरल्यावर तीच अडचण किती कमी होते, हे कळले तरच अनुभव पूर्ण होतो.

– हेडसेट घातलेल्या व्यक्तीसोबत एक डोळस मदतनीस असावा. जिना व रस्ता येथे विशेष दक्षता घ्यावी. मळमळ वाटताच हेडसेट काढावा. फेरी काही मिनिटांचीच असावी.

– शेवटी चर्चा अवश्य व्हावी. ‘तुम्हाला कसे वाटले’ या प्रश्नावर न थांबता ‘येथे काय बदलता येईल’ हे विचारावे आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

– हा अनुभव एका विकाराच्या एका अवस्थेचा असून तो सर्वांना लागू नाही, हे प्रारंभी आणि शेवटी सांगावे.

वैद्यकीय विद्यार्थी, परिचारिका आणि रुग्णाचे कुटुंबीय यांच्यासाठी अशा पथ्यांसह केलेला प्रयोग विशेष उपयुक्त ठरू शकतो. आजीने पाण्याचा पेला का पाडला, वडील ओळखीच्या माणसाला हाक का मारत नाहीत, मुलगी संध्याकाळी बाहेर पडायला का कचरते, या प्रश्नांची उत्तरे घरातल्या घरात मिळू शकतात. अशा वेळी निष्काळजीपणाचा किंवा हट्टाचा आरोप मागे पडतो आणि दिव्याची जागा, पेल्याचा रंग बदलण्याचा विचार सुरू होतो.

संवर्धित वास्तवाचा चष्मा दुसऱ्याचे डोळे काही क्षण उसने देतो. त्या डोळ्यांनी जगण्याची सवय आणि हातोटी मात्र देत नाही. ती ज्यांच्यापाशी आहे, ते दृष्टिबाधित नागरिक घरात, कार्यालयात आणि बसथांब्यावर सर्वत्र आहेत. हेडसेट उतरवून ठेवल्यानंतर त्यांना विचारणे, हा या प्रयोगाचा पुढचा भाग आहे. तो वगळला, तर पांढरी काठी धरून मोबाइल वाचणाऱ्या माणसाकडे लोक पूर्वीइतक्याच संशयाने पाहत राहतील.